मालक, तेल सोडायचंय? मग आधी बोर्ड रंगवून घ्या

मालक, सातारा-कराड रस्त्याला तुमचा पेट्रोल पंप आहे, धंदा बरा चाललाय, आणि पुण्याहून एमबीए करून आलेला मुलगा रोज जेवताना ‘बाबा, तेलाचं युग संपलं’ म्हणून तुमचा घास अडवतोय. घाबरू नका. तेलाचा एक थेंबही न सोडता तेलाच्या पलीकडे कसं जायचं, ती वाट थोरामोठ्यांनी केव्हाच मळवून ठेवली आहे.

सुरुवात बोर्डापासून करा. ब्रिटिश पेट्रोलियमवाल्यांनी २००० साली जुनी ढाल उतरवली, हिरव्या-पिवळ्या पाकळ्यांचा सूर्य लावला आणि बीपी म्हणजे ‘बियाँड पेट्रोलियम’ असं जगाला सांगितलं. विहिरी होत्या तिथंच राहिल्या. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात त्यातली एक फुटली, ८७ दिवस तेल समुद्रात वाहत राहिलं, तरी बोर्डावरचा सूर्य काही मावळला नाही. २०११ च्या अखेरीस त्यांनी सौरऊर्जेचा धंदा बंद केला, तेव्हाही नाही. तुम्हाला एवढा थाट नको. पोवई नाक्याजवळच्या एखाद्या पेंटरकडून हिरवं पान काढून घ्या. एकच काढा, दोन काढली तर लोक रोपं मागायला येतात.

मग ‘नेट झिरो’चं, म्हणजे आपला निव्वळ धूर शून्यावर आणण्याचं, उद्दिष्ट जाहीर करा. इथे तारीख निवडणं हीच खरी कला. ओएनजीसीने २०३८ धरलंय, इंडियन ऑइलने २०४६, आणि देशाने ग्लासगोच्या हवामान परिषदेत जाऊन २०७० सांगितलंय. तुम्ही साठीला आलात ना? मग बिनधास्त २०६० घ्या. तेव्हा जाब विचारायला आलेला माणूस तुमच्या फोटोला हार घालूनच परत जाईल.

पण तारखेपेक्षा महत्त्वाचं म्हणजे धूर कुणाचा मोजायचा. या हिशेबात तीन खाती असतात. पहिलं, तुम्ही स्वतः जाळलेलं. दुसरं, तुम्ही विकत घेतलेली वीज. तिसरं, तुमचा माल घेऊन गिऱ्हाईक जे जाळतं ते. तेल कंपनीचा बहुतेक सगळा धूर या तिसऱ्या खात्यात बसतो, म्हणून आपल्याकडच्या तेल कंपन्यांची नेट झिरोची उद्दिष्टं शहाणपणाने पहिल्या दोन खात्यांवरच थांबतात. तुमचं तर काम आणखी सोपं. पंपाच्या पत्र्यावर सोलर पॅनल बसवा, जनरेटर भंगारात घाला, की झालात तुम्ही निव्वळ शून्य. रोज टँकरभर डिझेल जातं ते? ते उसाच्या ट्रॅक्टरने जाळलं. त्याचा धूर, त्याचं कर्म. उरलेली टोचणी थेट गिऱ्हाइकाच्या गळ्यात घाला. माणसाने आपापला कार्बन ठसा, म्हणजे आपल्यापायी किती धूर होतो ते, मोजावा ही सवय जगाला लावण्यात बीपीच्या जाहिरातींचा वाटा मोठा होता. तुम्ही हवा भरण्याच्या मशीनवर पाटी लावा: ‘टायरमध्ये हवा नीट ठेवा, पृथ्वी वाचवा.’

आता गुंतवणूक. याबाबतीत आपला जिल्हा कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. नव्वदच्या दशकात पवनचक्की घेतली की तिच्या किमतीवर पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा, म्हणजे नफ्यातून वजा होऊन कर वाचवणारी रक्कम, मिळायचा. पुढे तो ऐंशीवर आला. मग काय, ज्यांनी पाटण तालुका नकाशातही पाहिला नव्हता अशा उद्योगपतींना एकाएकी पर्यावरणाचा कळवळा आला आणि वनकुसवड्याच्या पठारावर, चाळकेवाडीला पाती फिरू लागली. वारा जोराचा पावसाळ्यातच, कर मात्र बारमाही वाचायचा. गंमत म्हणजे त्यातून खरीखुरी वीजही निघाली. हेतू इतका हिशेबी असताना असं क्वचितच घडतं, म्हणून ते नमूद करतो. तुम्ही चक्की घ्यायच्या भानगडीत पडू नका. चाळकेवाडीला जाऊन तिच्यापुढे हाताची घडी घालून एक फोटो काढा आणि पंपाच्या फ्लेक्सवर लावा. पावसाआधी जा, नाहीतर धुक्यात पातं दिसत नाही आणि मग तुम्ही नुसतेच एका खांबापुढे उभे.

इथेनॉल विसरू नका. पेट्रोलमध्ये वीस टक्के ते आता मिसळूनच येतं, त्यात तुमची काडीची मेहनत नाही, म्हणजे जाहीर करायला उत्तम. ज्या उसापासून ते बनतं, तो टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पंपांनी उचललेलं पाणी पितो आणि राज्याच्या विजेत कोळशाचा वाटा मोठा आहे, हे सांगलीचे पाहुणे आले तर काढू नका. जेवण बेचव होतं.

एवढं जमलं की सर्वात नाजूक टप्पा येतो: माघार. बीपीने २०२० मध्ये सांगितलं, २०३० पर्यंत तेल-वायूचं उत्पादन चाळीस टक्क्यांनी कमी करू. मग युक्रेनचं युद्ध झालं, तेल भडकलं, २०२२ चा नफा २७.७ अब्ज डॉलर निघाला, आणि तो जाहीर करतानाच चाळीसचे पंचवीस टक्के झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेही गेलं. तेल-वायूवरचा खर्च वर्षाला सुमारे १० अब्ज डॉलरवर नेला आणि स्वच्छ ऊर्जेच्या ठरलेल्या गुंतवणुकीतून वर्षाला ५ अब्जांहून जास्त कापले. कारण अगदी घरगुती होतं: वाऱ्यापेक्षा तेलात पैसा जास्त सुटत होता आणि भागधारक कुरकुरत होते. हे त्यांना २०२० मध्ये ठाऊक नव्हतं असं मानायला मी तरी तयार नाही.

तुम्हीही घाईने माघार घेऊ नका, घ्यायला लावा. धाकटा भाऊ एक दिवस म्हणेलच, ‘दादा, गळीत हंगाम तोंडावर आलाय, ट्रॅक्टरांच्या रांगा लागतील, आणि तू इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जरला जागा कुठं अडवतोस?’ या वाक्याची वाट बघा. भागधारकांचा दबाव म्हणतात तो हाच. लगेच खेदाने मान हलवा, मुलाच्या पाठीवर हात ठेवा आणि डिझेलची आणखी एक नळी वाढवा.

चार्जर मात्र अगदीच टाकून देऊ नका. कोपऱ्यात मोकळा खांब आणि ‘लवकरच’ अशी पाटी असू द्या. खाली तारीख घालू नका. चुकून एखादी इलेक्ट्रिक गाडी आलीच, तर पुढच्या पंपावर पाठवा. तिथंही पाटीच असेल. तोवर तिची बॅटरी संपेल, आणि तिला ओढून न्यायला जी गाडी येईल, ती डिझेल आपल्याकडेच भरते.