पाहुण्यांची खोली, वीस हजारांत

गेल्या गणपतीत आमच्याकडे मुंबईची अकरा माणसं होती. ओटीवर, माजघरात, माडीवर सतरंज्या घालून सगळी झोपली. कुणाची काही तक्रार नव्हती. पण माझ्या मोठ्या नणंदेच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्यांना जमिनीवर बसता येत नाही, बसल्या तर उठता येत नाही. पहिली अख्खी रात्र त्यांनी माजघरातल्या खुर्चीत बसून काढली आणि कुणाला सांगितलंही नाही. सकाळी चहा द्यायला गेले तेव्हा त्यांचे सुजलेले पाय दिसले. माहेरी आलेल्या बाईला पाठ टेकायला जागा मिळू नये, हे मला फार लागलं. त्याच दिवशी ठरवलं, पुढच्या गणपतीच्या आत पडवीच्या टोकाची खोली पाहुण्यांसाठी लावायची.

ती खोली म्हणजे आमची भाताची. पूर्वी तिथे कणग्या असायच्या. आता भात घरापुरतंच होतं, त्यामुळे खोलीत पोती, फुटके टब, जुनी वर्तमानपत्रं असं साठलेलं. हातात काजूच्या बियांचे आलेले वीस हजार होते. एवढ्यातच बसवायचं, कर्ज नको, हप्ता नको.

घरात सगळे म्हणाले, दुकानातून नवा सेट आण, एका दिवसात काम होईल. मी नको म्हटलं, कारण हे आम्ही एकदा करून बसलोय. काही वर्षांपूर्वी मुलाच्या खोलीसाठी नवंकोरं कपाट घेतलं होतं. वरून गुळगुळीत सनमायका, आत दाबलेला भुसा. पहिल्याच पावसाळ्यात खालच्या कडा फुगल्या, दुसऱ्यात बिजागरीचे स्क्रू हाताने उपटून आले. तिसऱ्या वर्षी दार काढून भिंतीला टेकवून ठेवलं. भुसा आणि गोंद दाबून केलेल्या फळीत पाणी शिरलं की ती फुगते, आणि एकदा फुगली की परत बसत नाही. आमच्याकडे कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. चार महिने हवाच ओली असते. कोरड्या गावात ती फळी टिकतही असेल, इथे तिचं काम नाही.

ज्यांना पटत नाही त्यांनी चिपळूणचा पूर आठवावा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं. पाणी उतरल्यावर आम्ही आतेभावाच्या घरी चिखल उपसायला गेलो होतो. रस्त्याच्या दोन्ही कडांना फुगलेल्या कपाटांचे आणि पलंगांचे ढीग होते, हात लावला की पापडासारखे पापुद्रे निघत. त्याच घरात त्याच्या आजोबांचं सागवानी टेबल होतं. तेही पाण्यात बुडालं होतं. चिखल धुतला, सावलीत पंधरा दिवस वाळवलं, एक खण थोडा अडकतो एवढंच. आज त्याच टेबलावर त्याची मुलगी अभ्यास करते. माझं मत तिथे पक्कं झालं. कोकणात फर्निचर घ्यायचं तर ज्याने आधीच चाळीस-पन्नास पावसाळे काढलेत असं घ्यावं.

पलंगाचा पत्ता लागला पतपेढीच्या रांगेत. पुढे उभ्या असलेल्या बाई सांगत होत्या, शेजारच्या वाडीत जुनं घर पाडून स्लॅबचं बांधतायत, सामान काढलंय. दुसऱ्याच दिवशी गेले. अंगणात पलंग उभा करून ठेवला होता, साडेचार फूट रुंद, कातीव पायांचा, मच्छरदाणीच्या चारही दांड्यांसकट. वर धूळ, कोंबडीची शीट, एका बाजूची पट्टी तुटलेली. मी आधी तो उलटा केला.

जुनं लाकूड घेताना नेहमी खालून बघा. वरून पॉलिश फसवतं. सांध्यात एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून वर लाकडाची खुंटी मारलेली असेल तर ते खोलून परत घट्ट करता येतं. नुसत्या खिळ्यांवर उभं असेल तर सोडून द्या. मग पायांची टोकं बघायची, वाळवी तिथूनच चढते. स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून पाहायचं, भसकन आत गेलं तर आतून पोकळ आहे. बारीक छिद्रं दिसली तर खाली कागद पसरून लाकडाला हाताने ठोकायचं. ताजं पीठ पडलं तर किडा अजून आत आहे. छिद्रं जुनी असतील आणि काही पडत नसेल तर घाबरायचं कारण नाही. आणि पलंगासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ढेकूण. फटींमध्ये टॉर्च मारून काळे ठिपके, सालपटं शोधा. ढेकूण रक्ताशिवाय महिनोन्महिने जगतो, त्यामुळे ‘हा तर वर्षभर कुणी वापरला नाही’ या बोलण्यावर विसंबू नका. आम्ही पलंग घरात घेण्याआधी अंगणातच पूर्ण खोलला, प्रत्येक सांध्यात उकळतं पाणी ओतलं आणि चार दिवस उन्हात टाकला.

किमतीबद्दल मला जरा मोकळेपणाने बोलायचंय. त्या घरातल्या काकूंना एका टेम्पोवाल्याने त्या पलंगाचे अडीच हजार सांगितले होते. असे टेम्पो आमच्या भागात फिरतात. घर पडतंय, म्हातारी माणसं एकटी आहेत, हे बरोब्बर हेरतात. पलंग, पेटारे, कोरलेल्या चौकटी, पितळी समया, सगळं एकरकमी उचलतात, आणि तेच सामान शहरात घासूनपुसून कितीतरी पटीने विकलं जातं. मुंबईत जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात मी असा पलंग पाहिलाय, किंमत विचारून गप्प घरी आले. मी काकूंना सहा हजार देते म्हटलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. “एवढे कशाला गो? मोडकाच आहे.” मी म्हटलं, “काकू, लाकूड मोडकं नाहीये.” सागवान आजच्या भावाने घेऊन असा पलंग करायचा तर माझ्या वीस हजारांत नुसतं लाकूडसुद्धा आलं नसतं. घासाघीस करून समोरच्याच्या अडचणीतून आपली बचत काढायची, असला स्वस्तपणा मला नको. निघताना त्यांनी पलंगाच्या दांड्यावर हात ठेवून विचारलं, “वापरणार ना? नाहीतर माळ्यावर टाकून ठेवशील.” मी त्यांना गणपतीत बघायला बोलावलंय.

टेम्पोचे नऊशे, सुताराच्या दोन दिवसांचे दोन हजार, पॉलिशच्या सामानाचे साडेआठशे. तुटलेल्या पट्टीच्या जागी आमच्याच पडलेल्या गोठ्यातलं फणसाचं लाकूड बसवलं. फणसाचं लाकूड ताजं कापलं की हळदीसारखं पिवळं असतं, पुढे तपकिरी लालसर होत जातं. तंजावरची वीणा फणसाच्याच लाकडाची असते. आपण मात्र झाड पाडलं की ते जळणाला देतो, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

पॉलिश मी स्वतः केलं. लाख आणि स्पिरिटचं पॉलिश पावसाळ्यात करू नका, ओल्या हवेत ते पांढुरकं पडतं. कोकणात हे काम दिवाळीनंतरचंच. आतल्या आणि खालच्या बाजूला जवसाचं तेल लावलं. तेलाची फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटू शकतात. तारेवर एकेक पसरून वाळवा. सासूबाईंच्या लहानपणी काजूच्या टरफलाचं तेल लाकडाला लावत, वाळवी लागत नसे. ते तेल अंगावर उडालं तर कातडी भाजते, म्हणून मी त्या वाटेला गेले नाही.

भिंतीत एक कोनाडा होता, त्याला जुनी दारं लावून फडताळ केलं. दारं भंगारवाल्याकडे बाराशेला मिळाली, बिजागऱ्यांचे तीनशे. त्यांच्यावर हिरव्या ऑइलपेंटचे जुने थर होते. इथे सावध राहा. जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगाचा भरवसा धरू नका. कोरडं घासलं की ती धूळ श्वासात जाते, लहान मुलांना तर फारच वाईट. पाणी मारून, ओला पॉलिशपेपर वापरून, तोंडाला मास्क बांधून घासा आणि तो चोथा विहिरीजवळ टाकू नका.

टेबल म्हणून शिवणयंत्राचं बिडाचं स्टॅण्ड घेतलं, नऊशेला. खाऱ्या वाऱ्यात गंज धरणारच, म्हणून खरवडून आधी रेड ऑक्साइड, मग काळा रंग. वर जुन्या दाराची फळी. आरसा चारशेचा, एका कोपऱ्यात पारा उडालाय, तोंड बघायला पुरतो. पडदे सासूबाईंच्या दोन सुती साड्यांचे.

काही गोष्टी जुन्या घ्यायच्याच नाहीत. गादी आणि उशा यांच्या बाबतीत मी एक रुपयाही वाचवला नाही. दुसऱ्याची गादी म्हणजे दुसऱ्याचा घाम, ढेकूण, आणि आपल्या हवेत बुरशीचं घर. काथ्याची नवीन गादी मापाने करून घेतली, साडेपाच हजार. दोन उशांचे सातशे, मच्छरदाणीचे साडेसहाशे. कापसाची गादी मला आवडते, पण श्रावणात ती पाणी धरते आणि ऊन मिळत नाही. ज्यांच्या घरी वर्षभर कुणी ना कुणी झोपतं त्यांनी ती खुशाल ठेवावी. बंद खोलीत नको.

भिंतींना प्लास्टिक पेंट दिला नाही, चुना दिला. जांभ्याची भिंत ओल धरते आणि सोडते. वरून प्लास्टिकचा थर दिला की ओल आत कोंडते आणि रंगाला फोड येतात. पलंग भिंतीपासून वीतभर लांब ठेवलाय. खोली रिकामी असली तरी रोज सकाळी तासभर खिडकी उघडते, पाऊस नसेल तेव्हा. एवढं केलं तर कुबट वास येत नाही. सगळा हिशेब, शेवटी सांगते त्या पाचशेच्या खुर्चीसकट, एकोणीस हजार नऊशेवर थांबला.

या पोस्टमागे माझं एक मागणं आहे. तुमच्या घरातलं जुनं सामान काढायचं असेल तर टेम्पो बोलावण्याआधी वाडीत चार घरी विचारा. कुणाच्या तरी लेकीला पलंग हवा असतो, कुणाला पेटारा. योग्य पैसे मागा, लाजू नका. आणि घेणाऱ्यांनीही ते नीट द्यावेत.

आता एकच काम राहिलंय. पाचशे रुपयांत एक वेताची आरामखुर्ची मिळालीय, सांगाडा उत्तम आहे पण बैठकीचं विणकाम फाटलंय. आमच्याकडे ते काम करणारे होते, ते आता थकलेत. गुहागर, चिपळूण, दापोली, रत्नागिरी या पट्ट्यात कुणी वेत विणून देणारं माहीत असेल तर कृपया कमेंटमध्ये लिहा. गणपतीला तीन आठवडे राहिलेत आणि नणंदबाई या वेळी दोन दिवस आधी येतायत.