'जुन्या मशीनला नवं कार्ड म्हणजे पैसे पाण्यात': हा सल्ला किती खरा?

जुन्या गेमिंग पीसीसाठी कोणतं ग्राफिक्स कार्ड घेऊ, असं कुणी विचारलं की एक ठरलेला मजकूर त्याच्या पुढ्यात येऊन पडतो. प्रोसेसर सहा-सात वर्षांपूर्वीचा असेल तर कार्ड घेऊच नका. बॉटलनेक होईल (जुन्या प्रोसेसरपाशी नवं कार्ड अडून राहील), मदरबोर्डच्या जुन्या स्लॉटमध्ये कार्ड अर्ध्या वेगानं चालेल, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) बदलावाच लागेल, त्यापेक्षा अख्खं मशीन नवं घ्या. हे वाचून चांगली चालणारी मशीनं लोक मोडीत काढतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून यातला एकेक मुद्दा घेतो.

आधी बॉटलनेक, कारण सगळी भीती त्याच शब्दाची आहे. प्रत्येक फ्रेमसाठी, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्रासाठी, प्रोसेसर आणि कार्ड दोघंही राबतात. कोण कुठे आहे, कोण कुणाला धडकलं, काय काय काढायचं आहे, हे प्रोसेसर ठरवतो. चित्र कार्ड रंगवतं. ज्याला जास्त वेळ लागतो, त्याच्या चालीनं फ्रेम बाहेर पडतात. समजा, एका फ्रेममागे प्रोसेसरला ११ मिलिसेकंद लागतात आणि जुन्या कार्डाला २२. मग साधारण ४५ एफपीएस, म्हणजे सेकंदाला ४५ फ्रेम, मिळतील. दुप्पट वेगाचं कार्ड लावलं की दोघंही ११ वर येतात आणि आकडा ९० च्या आसपास जातो. प्रोसेसर तोच, जुनाच! चौपट वेगाचं कार्ड लावलं तरी ९० च राहतील, एवढं मात्र खरं. पण म्हणून आधी मिळालेली दुप्पट खोटी ठरत नाही. उरलेली ताकदही वापरता येते: रिझोल्युशन १०८०पी वरून १४४०पी वर नेलं की पिक्सेल (चित्राचे ठिपके) जवळपास पावणेदोन पट होतात, आणि ते ओझं मुख्यतः कार्डावर पडतं.

याच मजकुरासोबत 'बॉटलनेक कॅल्क्युलेटर'चा टक्का फिरतो. प्रोसेसर आणि कार्ड यांची नावं टाकली की बॉटलनेक किती टक्के, असा एक आकडा येतो. तो आकडा कोणत्या गेमचा, कोणत्या रिझोल्युशनचा, कोणत्या सेटिंगचा? तेच प्रोसेसर आणि तेच कार्ड एका गेममध्ये कार्डापाशी अडतात आणि दुसऱ्यात प्रोसेसरपाशी. त्यापेक्षा स्वतःचा नेहमीचा गेम लावा, एफपीएसची मर्यादा आणि व्ही-सिंक (फ्रेम स्क्रीनच्या वेगाला बांधणारी सोय) बंद करा, कार्डाचा वापर बघा. तो सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर अडचण कार्डाची आहे. मग रिझोल्युशन एकदम खाली आणून बघा. एफपीएस भरपूर वाढले तर नव्या कार्डाचा फायदा होणार. जागचे हलले नाहीत तर प्रोसेसर थकलाय. प्रोसेसरच्या एकूण वापराच्या आकड्यावर मात्र जाऊ नका. तो ४० टक्के दिसत असताना एक कोअर (प्रोसेसरमधला एक काम करणारा भाग) पूर्ण भरलेला असू शकतो.

स्लॉटचा मुद्दा अर्धवट माहितीतून आलाय. स्लॉटच्या पीसीआयई जोडणीत जुन्या ३.० पिढीचा वेग ४.० च्या निम्मा आहे, हे बरोबर. पण तो रस्त्याचा वेग झाला, कार्डाचा नाही. आरटीएक्स ३०६० सारखं पूर्ण १६ लेनचं (डेटाच्या वाटांचं), १२ जीबी व्हीरॅमचं (कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचं) कार्ड ३.० वर लावलं तर गेममध्ये फरक सहसा जाणवतही नाही. खरा फटका लेन कमी आणि व्हीरॅमही कमी असलेल्या कार्डांना बसतो. आरएक्स ६५०० एक्सटीला चारच लेन आणि ४ जीबी व्हीरॅम. व्हीरॅम भरली की डेटा मशीनच्या रॅममधून त्या अरुंद रस्त्यानं आणावा लागतो आणि गेम अडखळतो. म्हणजे स्लॉट जुना आहे म्हणून कार्ड टाळायचं नाही, स्लॉट बघून कार्ड निवडायचं. इंटेल आर्क कार्डांचंही तसंच: रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू नसेल तर ती बरीच मागे पडतात, आणि जुन्या मदरबोर्डांवर ती सोय बहुधा नसते.

एसएमपीएसचं थोडक्यात. जीटीएक्स १०६० ला १२० वॉट लागायचे, आरटीएक्स ४०६० ला ११५. तिथं वॉट वाढवायची गरज कसली? हां, एसएमपीएस निकृष्ट किंवा फार जुना असेल, किंवा कार्डाला वीज देणारी ८ पिनची वायर मोलेक्सच्या (जुन्या ४ पिनच्या) जोडणीतून काढावी लागत असेल, तर तो आधी बदला. तिथं काटकसर नको.

राहिलं 'अख्खं मशीन बदला'. चार कोअर, चार थ्रेडचे (एका वेळी चारच कामं हाताळणारे) इंटेलचे जुने आय-५ प्रोसेसर नव्या गेममध्ये झटके देतात, हे मी नाकारत नाही. १४४ हर्ट्झवर स्पर्धात्मक शूटर खेळणाऱ्याला आणि मोठमोठी शहरं वसवणाऱ्यालाही आधी प्रोसेसरच लागेल. पण तेव्हाही सगळं फेकायची गरज नसते. एएमडीच्या प्रोसेसरसाठीच्या २०१७ च्या एएम४ मदरबोर्डांपैकी बहुतेकांवर बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर बसतो. रॅमची एकच काडी असेल तर दुसरी जोडून ड्युअल चॅनल केल्यानंही (दोन्ही एकदम वापरल्यानंही) झटके कमी होतात.

उलट कार्ड बदलायला सांगणारं एक कारण या मजकुरात येतच नाही. 'डूम: द डार्क एजेस'सारखे गेम हार्डवेअर रे ट्रेसिंगशिवाय (प्रकाशकिरणांचा हिशेब करणाऱ्या कार्डातल्या खास भागाशिवाय) चालतच नाहीत. तिथं तो भाग नसलेलं जीटीएक्स १०८० टीआय असलं तरी उपयोग नाही, मग प्रोसेसर कितीही नवा असो. आणि आज घेतलेलं कार्ड दोन वर्षांनी मशीन बदललं तरी काढून त्यात लावता येतं.