हा धक्का चालतो, तो का नाही?

एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, खेळ सुरू होतो त्या रेषेपासून पहिल्या ५ यार्डांत रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) बचाववाल्याने समोरून अडवलं तर चालतं. त्यापुढे अडवलं तर बेकायदा. आणि पासचा चेंडू हवेत असताना अडवलं तर पास इंटरफिअरन्स, म्हणजे झेल घेण्यात अडथळा! इथवर डोक्यात शिरतं हो. पण दोघंही चेंडूवर डोळा ठेवून एकमेकांवर आदळले तर माफ. चेंडू हाती लागण्यासारखा नव्हता, तरी माफ. आणि हे ठरवायचं कुणी? पंचांनी, पापणी लवायच्या आत!

शिक्षेची तर तऱ्हाच न्यारी. बचाववाल्याने गुन्हा केला की जिथे केला तिथे समोरच्या संघाला चेंडू. ४० यार्डांवर केला तर ४० यार्ड आंदण. कॉलेज फुटबॉलमध्ये हाच गुन्हा जास्तीत जास्त १५ यार्डांत मिटतो. रिसीव्हरने ढकललं तर एनएफएलमध्ये त्याचा संघ फक्त १० यार्ड मागे. वा रे न्याय!

जानेवारी २०१९, रॅम्स विरुद्ध सेंट्स. चेंडू पोचायच्या आधीच सेंट्सचा रिसीव्हर आडवा. अख्ख्या स्टेडियमला दिसलं, पंचांना नाही. सेंट्सचा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, हुकला. मग अशा निर्णयांसाठी रिव्ह्यूची, म्हणजे व्हिडिओ पाहून तपासायची, सोय आणली, जेमतेम एक हंगाम चालवली आणि गुंडाळली.

आणि मी? दर रविवारी टीव्हीसमोर उभी, हातात गार झालेला चहा. अहो पंच, मग हा काय होता?