सात आहे, बारा कुठाय?

माझ्या गाडीचा पंचनामा झाला. अपघात नाही, चोरी नाही; गाडी गॅरेजात उभी होती आणि मी ऑइल बदलायला गेले होते. तरीही झाला, पंचांसमक्ष झाला आणि त्यावर माझी सही आहे.

गाडी सेकंडहँड. २०१३ची, पेट्रोल, नंबर एमएच-११, म्हणजे साताऱ्याचा. कात्रज बायपासजवळच्या एका यार्डातून घेतली. जाहिरातीत 'सिंगल ओनर, डॉक्टर युज्ड, लेडी ड्रिव्हन' असं सगळं पुण्य एका ओळीत लिहिलं होतं. मीटरवर ४२,००० किलोमीटर. सर्व्हिस बुक मागितलं तर यार्डवाला म्हणाला, "मॅडम, गाडी स्वतः बोलते, बुक कशाला?" गाडी बोलत होती हे खरं. दुसऱ्या गिअरला जरा जास्तच बोलत होती.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या कॉम्प्युटरवर गाडीची सगळी हिस्टरी असते असं कळलं, म्हणून आधी तिथे गेले. काउंटरवरच्या मुलीने नंबर टाकला, स्क्रीनवर भराभर ओळी उमटल्या, आणि तिने स्क्रीन हळूच स्वतःकडे वळवून घेतली. "ओटीपी लागेल मॅडम. रजिस्टर्ड मोबाईलवर गेलाय." रजिस्टर्ड मोबाईल साताऱ्याला, डॉक्टरांच्या खिशात. नंबर जुन्या इन्शुरन्सच्या कागदावर होता, तो लावला. आता एक अनोळखी बाई फोन करून 'तुम्हाला आत्ता एक ओटीपी आलाय तो सांगा' म्हणते, तेव्हा कुठलाही शहाणा माणूस जे करेल तेच त्यांनी केलं. माझा उद्धार करून झाल्यावर, फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "आणि डॉक्टर कोण? माझं मेडिकल आहे!"

म्हणजे दुकान. जाहिरातीतली एक पदवी तिथेच गळाली.

मग घराजवळच्या गॅरेजात. सोबत भाचा आला होता. वय एकोणीस, कानात इअरफोन, आणि गाडी या विषयावरचं त्याचं एकूण ज्ञान म्हणजे मागची सीट. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, ऑइलची पट्टी ओढली, फडक्याला पुसली आणि भाच्याला म्हणाला, "हे बघा दादा, डांबर झालंय." मी विचारलं, काय काय बदलावं लागेल? मिस्त्रीने भाच्याला सांगितलं: हिस्टरी नाही म्हणजे सगळं झिरोपासून. ऑइल, दोन्ही फिल्टर, प्लग, कूलंट, ब्रेक ऑइल, गिअर ऑइल, टायमिंग बेल्ट. मी विचारलं, बेल्ट चांगला असेल तर? "बेल्ट वरून चांगलाच दिसतो दादा, आणि चालता चालता तुटतो. मग वॉल्व जाऊन पिस्टनवर आपटतात, हेड खोलावं लागतं." भाच्याने मान डोलावली. त्याच्या कानात गाणं चालू होतं. 'लेडी ड्रिव्हन' हा गाडीचा गुण, पण गॅरेजात लेडी उभी असली की ती दिसतच नाही, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. भाच्याला नको, मला.

तर अशा वेळी भिंतीकडून आवाज आला. "खातेदार कोण? ह्या बाई ना? मग त्यांच्याशी बोल की."

कुठल्याशा गाडीचं काढून ठेवलेलं मागचं सीट भिंतीला लावलं होतं आणि त्यावर पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, मांडीवर पेपर, असे एक गृहस्थ बसले होते. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. तलाठी म्हणून निवृत्त. (आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण तो विषय त्यांच्यासमोर काढायचा नाही.) त्यांची स्कूटर दुरुस्तीला आलेली आहे आणि पार्ट यायचाय, ती कधी आली हे मिस्त्रीलाही आठवत नाही. तोवर भाऊसाहेब रोज दहाला येतात आणि गाड्या बघतात.

"कुठली म्हणायची?" त्यांनी विचारलं.

"कोथरूडची."

"तुम्ही नाही. गाडी."

"सातारा."

"कागद बघू." मी आरसीचं कार्ड दिलं. त्यांनी ते उजेडात धरून दोन्ही बाजूंनी वाचलं. "बोजा नाही. बरं आहे. हा झाला सात. बारा कुठाय?"

"कसला बारा?"

भाऊसाहेबांनी पेपरची घडी घातली. मिस्त्रीने पाना खाली ठेवला, म्हणजे हे त्याने पूर्वी ऐकलेलं होतं आणि वेळ लागणार होता.

"सातबारा म्हणतात सगळे, वाचत कोणी नाही. सात म्हणजे हक्क. मालक कोण, कर्ज कुणाचं, फेरफार कुठला. बारा म्हणजे पीक. कुठल्या साली काय पेरलं, किती क्षेत्रात, पाणी विहिरीचं का पाटाचं, का पडीक. मालक काय, उद्या दुसरा होईल. जमीन कशी वापरली ते बारा सांगतो. तुमच्या गाडीत ऑइल कधी घातलं, बेल्ट कधी टाकला, पाणी कुठलं भरलं, ह्याची नोंद?"

"नाहीये."

"म्हणजे पडीक. नाहीतर कुणीतरी नोंद न करता पीक काढलंय." ते उठले, दार उघडून वाकले. "पीकच काढलंय. पडीक गाडीचं क्लच पेडल एवढं गुळगुळीत होत नाही."

मग त्यांनी कुणालाही न विचारता मागच्या वर्षाच्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि पंचनामा सुरू केला. पंच क्रमांक एक, भाचा. पंच क्रमांक दोन, चहा घेऊन आलेला मुलगा. त्याच्या हातात अजून तीन ग्लास होते. आधी चतुःसीमा. पूर्वेस बंपरला ओरखडा. दक्षिणेस मागच्या दारावर पोचा, त्यावर रंग मारलेला. पश्चिमेस सुस्थितीत. उत्तरेस आरसा बदललेला. समोरच्या काचेवरची खूण बाजूच्या काचांशी जुळत नाही, सबब काच नंतर बसवलेली. गाडीचं तोंड पूर्वेला होतं म्हणून बंपर पूर्वेला. मी नंतर ती वळवून लावली तर पंचनामा खोटा ठरेल का, असं विचारावंसं वाटलं होतं, पण पंच सही करत होते.

टायरपाशी आल्यावर मात्र मी ऐकू लागले. टायरच्या बाजूला एक चार आकडी नोंद असते. पहिले दोन आकडे वर्षातला आठवडा, नंतरचे दोन साल. चारही टायरवर २३२१, म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. आणि चारही टक्कल पडलेले. भाऊसाहेबांनी डिकी उघडायला लावली. स्टेपनीवर १११३. "ही मूळची. म्हणजे पहिला संच झिजला, दुसराही झिजत आला. एक संच चाळीस हजार चालतो धरा. मीटर किती म्हणालात?"

"बेचाळीस."

"हं," एवढंच म्हणून त्यांनी ते लिहून घेतलं. 'मीटरवरील आकडा संशयास्पद.' मिस्त्री पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला: "मॅडम, कितीला पडली?"

हा प्रश्न मला नवीन नव्हता. मी खऱ्या किमतीतून तीस हजार कमी करून सांगते. तरीही ऐकणारा तोंडाने 'च्च' करतोच. शेजारच्यांनी केलं, ऑफिसात केलं, सोसायटीच्या वॉचमननेही केलं. मिस्त्रीने केलं, चहावाल्या मुलाने केलं. भाच्याने एक इअरफोन काढून केलं.

एसीचा वास येतो म्हणून मिस्त्रीने पुढचा कप्पा उतरवला, त्याच्या मागे एसीचा फिल्टर असतो. कप्प्यातून पंढरपूरच्या पार्किंगची पावती, एक वाकडा चमचा, लग्नाच्या दोन पत्रिका आणि अंगाऱ्याची पुडी निघाली. फिल्टर निघाला तो पिवळाधमक. मिस्त्रीने तो काढून ब्लोअर चालू केला आणि माझ्या ऑफिसच्या पांढऱ्या कुर्त्यावर जेजुरीचा भंडारा बरसला. समोरून, चारही जाळ्यांमधून. कोणीतरी "येळकोट येळकोट" म्हणालं, बाकीच्यांनी "जय मल्हार" केलं. मीही केलं, देवाच्या कामात कशाला खोट. भाऊसाहेबांनी नोंद घेतली: 'सदर वाहन देवदर्शनाच्या भाड्याने फिरल्याचा दाट संभव.' हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो हे मला घरी गेल्यावर कळलं.

आता हसून झालं. पण मला अजून राग आहे तो भंडाऱ्याचा नाही. माझ्या आईकडे १९९१ सालच्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड आहे. मिक्सर नाही, कार्ड आहे. फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल माळ्यावर जपणारे लोक आपण. आणि चार-पाच लाखांच्या वस्तूचं एक छोटं बुक हरवतं? ते हरवत नाही. प्रत्येक सर्व्हिसला त्यात किलोमीटर लिहिलेले असतात, म्हणून ते फेकलं जातं. मीटर मागे करायला एक मशीन पुरतं, बुकातली शाई मागे जात नाही. ज्याने दहा हजार किलोमीटरला इमानदारीने ऑइल बदललं आणि ज्याने डांबर होईपर्यंत पळवली, त्या दोघांच्या गाड्या यार्डात शेजारी शेजारी, सारख्याच पॉलिश करून, सारख्याच भावाने उभ्या. मग कोण कशाला बदलेल? आणि त्याची किंमत कोण भरतं, तर पुढचा. बदललेला असेल तो बेल्ट परत बदला, चांगलं असेल ते कूलंट परत ओता, कारण खात्री देणारा कागद नाही. जिथे कागद आहे तिथे तो साताऱ्याच्या ओटीपीमागे बंद. माझी गाडी, आरसीवर माझं नाव, आणि तिने काय खाल्लं-प्यायलं हे मेडिकलवाल्याची खासगी बाब.

संध्याकाळी गाडी तयार झाली. पार्ट नाना पेठेतून आले होते, ओरिजिनल, असं मिस्त्री म्हणाला. १४,६०० रुपये. मी म्हटलं, बिल द्या. कुठले पार्ट टाकले, किती किलोमीटरला, तारीख, सगळं लिहून.

"बिल कशाला मॅडम? बिल केलं तर जीएसटी लागेल."

"मग मला कसं कळणार पुढच्या वेळी?"

"माझ्या लक्षात राहतं ना," मिस्त्री म्हणाला. भाऊसाहेबांच्या स्कूटरला टेकून म्हणाला.

मी वाद घालणार होते. घातलाही. मिस्त्री भाच्याकडे बघून "समजवा जरा" म्हणाला. तेवढ्यात भाऊसाहेबांनी कॅलेंडरचं आणखी एक पान फाडलं, पट्टीशिवाय सरळ रेघा मारल्या आणि 'नमुना बारा' असं वर लिहून रकाने पाडले. मिस्त्रीला समोर उभं करून एकेक विचारलं: ऑइल कोणतं, किती लिटर, बेल्टच्या डब्यावरचा नंबर काय, कूलंटमध्ये पाणी साधं का डिस्टिल्ड. मिस्त्री दोनदा अडखळला, एकदा कचऱ्याच्या डब्यातून खोकं काढून आणायला लागलं. शेवटी 'मीटरवर ४२,३१६, प्रत्यक्ष अज्ञात' असं लिहून त्यांनी खाली मिस्त्रीचा अंगठा घेतला. त्याला सही येते. पण हात काळे होते, शाईची गरज पडली नाही.

मी खरंच आभार मानले. कागद घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी तो मागे घेतला.

"नकलेचे पंधरा रुपये."

"भाऊसाहेब?"

"ऑनलाइन सातबाऱ्यालासुद्धा पंधरा घेतात. सरकारी दर आहे, मी ठरवलेला नाही."

मी वीसची नोट दिली. त्यांनी ती घडी घालून पेनांच्या मागे ठेवली आणि सुटे नाहीत म्हणाले. पाच रुपये पुढच्या सर्व्हिसला वळते करू. त्याची पावती मागितली, तर ती नाही मिळाली.