पाचशेच उरलेत

रविवारी सकाळी टेकडीवरून उतरलं की पुण्यात नळस्टॉपजवळच्या गल्लीतल्या अमृततुल्यासमोर आमचा कट्टा भरतो. कट्टा म्हणजे काय, तर एका कायमच्या बंद दुकानाच्या तीन पायऱ्या. सगळ्यात वरच्या पायरीवर अप्पा बसतात, कारण त्यांचे गुडघे. बाकीचे जागा मिळेल तिथे. गेल्या रविवारी पहिला चहा येतो न येतो तोच पश्याने बॉम्ब टाकला.

"माझे पाचशेच उरलेत."

आम्हाला वाटलं पैसे.

"पैसे नाही रे, सिनेमे. गेल्या वर्षी मी मोजून पंचवीस सिनेमे पाहिले. आता एक्कावन्न चालू आहे. डोळे आणि डोकं धड राहिलं तर अजून वीस वर्षं धर. वीस पंचविसा..."

"पाचशे," मास्तर म्हणाले. मास्तर ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतात, त्यामुळे समोरच्याचं उत्तर तोंडातून काढून घ्यायची त्यांना खोडच आहे.

"कॉलेजात असताना पाचशे म्हणजे पाच वर्षांत उडवले असते," पश्या म्हणाला. "म्हणून ठरवलंय, यापुढे एकही फालतू सिनेमा बघायचा नाही. सातच्या खाली रेटिंग असेल तर हातच लावायचा नाही."

"बरोबर आहे. मग काल शनिवारी काय पाहिलंस?" वंदनाने विचारलं.

पश्याने क्रीमरोलचा कोपरा चहात बुडवला. "काल... निवडत होतो."

निवडणं म्हणजे काय, ते नंतर खोदून खोदून काढून घेतलं. साडेनऊला जेवण झालं. रिमोट हातात घेतला. 'नंतर बघू'च्या यादीत दोनशेच्या वर सिनेमे. एकाचं ट्रेलर पाहिलं, छान होतं, पण पावणेतीन तासांचा. दुसरा दीड तासाचा, पण कोरियन. म्हणजे खाली वाचायचं, आणि प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून आडवं पडून वाचता येत नाही, मान वर करावी लागते. तिसऱ्याचं रेटिंग सहा पूर्णांक आठ. चौथा बायकोने आधीच बघून टाकलेला. सव्वादहा झाले. मग आधी तीनदा पाहिलेल्या मालिकेचा एक भाग लावला आणि त्यातच झोप लागली.

"म्हणजे पाचशेतला एक वाचला," मास्तर म्हणाले.

हा पश्या आणि मी एका वर्गात होतो. त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल. तेव्हाचं निवडणं सांगतो. पेपरात सिनेमांच्या जाहिरातींचं पान यायचं. १२, ३, ६, ९. ते पान घडी करून खिशात, आणि दोन सायकली. एकदा लक्ष्मी रोडला विजयला गेलो, हाउसफुल्लची पाटी. ब्लॅकवाला बोळाच्या तोंडाशी उभा होता, पण आमच्याकडे दोघांत मिळून तेवढे पैसे नव्हते. मग सायकली तशाच हाणल्या अलका चौकात. अलकाला इंग्रजी लागायचे. तीनचा शो सुरू होऊन पाच मिनिटं झाली होती. खिडकीतून पातळ कागदाची तिकिटं आली, त्यांवर पेन्सिलीने खरडलेला खुर्चीचा नंबर. आत अंधार, डोअरकीपरची बॅटरी आमच्या पायांपुढे नाचत गेली आणि आम्ही बसलो. कुठला सिनेमा आहे हे मला मध्यंतरात बाहेरच्या पोस्टरवरून कळलं. संवाद निम्मे डोक्यावरून गेले. तरी घरी येताना टिळक रोडभर आम्ही त्याच्यावरच भांडत होतो.

माझं म्हणणं एवढंच, की त्या दिवशी आम्हाला सिनेमा बघायला वेळ होता म्हणून आम्ही तो पाहिला नाही. तिकीट काढलं होतं म्हणून पाहिला. पैसे गेले होते. उठून जायची सोय नव्हती.

मास्तरांना हे अजिबात पटलं नाही. "वेळ नव्हता कसा? तुम्ही दोघं प्रॅक्टिकल बुडवून जायचात. वेळच होता तो. आता माझ्याकडे बघ. सकाळी साडेसातचं कॉलेज, दुपारी पेपर तपासणं, संध्याकाळी आईचं औषधपाणी. रात्री नऊ ते बाराचा शो बघितला तर मध्यंतरानंतर मी घोरतो. मागच्या वेळी शेजारच्या बाईंनी मला कोपराने ढोसलं, आणि ती माझी बायको नव्हती."

"वेळेचं कारण सांगू नका मास्तर," मी म्हटलं. "२०२० च्या मार्चला सगळं बंद झालं तेव्हा वेळच वेळ होता. किती पाहिलेत?"

मास्तर गप्प. पश्या पण गप्प. खरं सांगायचं तर मी पण पहिल्या महिन्यात धडाधड बघितले, सिनेमाजगताचं राहिलेलं सगळं कर्ज फेडून टाकायचं अशा आवेशात. मे उजाडेपर्यंत दम संपला. मग नुसते बातम्या आणि भांडी. थिएटरं मध्ये काही महिने निम्म्या खुर्च्यांवर चालवली, पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. तोवर एवढ्या मोकळ्या वेळात माझी यादी कमी व्हायच्या ऐवजी वाढली होती.

"आणि ते पंचाहत्तर रुपयांचं आठवतंय ना?" वंदना म्हणाली. "२३ सप्टेंबर २०२२. देशभर मल्टिप्लेक्सचं तिकीट एक दिवस पंचाहत्तर रुपये. शुक्रवार होता तो. कामाचा दिवस! आमच्या बँकेच्या शाखेतल्या तीन जणांची पोटं त्या दुपारी एकदम बिघडली. मिळाला की वेळ."

"म्हणजे प्रश्न पैशाचा आहे," मास्तरांनी लगेच नवीन समीकरण मांडलं.

"पैशाचा नाही, पार्किंगचा," पश्या म्हणाला. "गावात सिनेमाला जायचं तर गाडी कुठे लावू? अर्धा तास पार्किंग शोधण्यात जातो."

इतका वेळ बशीत चहा ओतून गार करणारे अप्पा आता बोलले. "मंडईत लाव की. १९१५ साली तिथे आर्यन सिनेमा सुरू झाला होता. पुण्याचं पहिलं थिएटर. त्र्याऐंशीला पाडलं, आणि त्या जागी तुमच्या गाड्यांसाठीच पार्किंग बांधलं. आता पार्किंग आहे तर म्हणे सिनेमा बघायला वेळ नाही."

अप्पांपुढे कोण बोलणार? दुसरा चहा सांगितला.

एवढ्यात पश्याचा पुतण्या चिन्या आला. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. रविवारी सकाळी आठ वाजता तो जागा दिसतो तेव्हा तो उठलेला नसतो, झोपायचा राहिलेला असतो. त्याला विषय सांगितला.

"काका, दीडच्या स्पीडवर लावायचा. अडीच तासांचा सिनेमा शंभर मिनिटांत होतो."

कट्ट्यावर हाहाकार झाला. दिग्दर्शकाने एक शॉट आठ सेकंद का ठेवला असेल, कॅमेरामन पहाटे चारला का उठला असेल, गाणं दीडपट वेगाने ऐकलंस तर काय वाटीभर साखर एकदम तोंडात टाकल्यासारखं, असं सगळं आम्ही त्याला ऐकवलं. पश्या तर इथून फिल्म आर्काइव्ह चालत किती जवळ आहे, तिथे आपण मूकपट कसे खाली मान न घालता पाहिले, इथवर गेला. (मूकपट आम्ही दोन पाहिले. एकात मी झोपलो होतो. पण पोरासमोर कशाला बोला.)

चिन्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "आजोबाच सांगतात ना, तुमच्या वेळी रविवारी दूरदर्शनवर सिनेमा लागायचा, मध्येच बातम्या यायच्या, मग उरलेला. आणि प्रत्येक जाहिरातीला कोणीतरी उठून पाणी भरायचं. तुकड्यांत बघायला सुरुवात तुम्हीच केलीत. मी मेसमध्ये चार जेवणांत एक सिनेमा संपवतो, एवढंच. आणि आवडला तर थिएटरला जातो. मागचा एक तीनदा पाहिला, तिन्ही वेळा मित्रांबरोबर, नीट, साध्या स्पीडवर."

"आवडेल की नाही ते आधी पळवत बघून ठरवायचं?"

"तुम्ही रेटिंग बघून ठरवता. मी निदान सिनेमा बघून ठरवतो."

हे लागलं. पश्याला जास्त लागलं. पिफ, म्हणजे पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, सुरू झाला २००२ ला. तेव्हाच्या एका जानेवारीत या माणसाने ऑफिसातून आठवडाभर रजा काढून दिवसाला पाच-पाच सिनेमे पाहिले होते. इराणी, पोलिश, काय मिळेल ते. वेळापत्रकात नाव वाचता आलं नाही तरी आत घुसायचा. परवाच्या पिफचा पास अजून त्याच्या गाडीच्या आरशाला लटकतोय. त्यावर पाहिले दोन. दोन्ही रेटिंग बघून.

वंदनाचा चहा एव्हाना संपला होता. ती सहसा शेवटी बोलते, आणि मग बाकीच्यांना बोलायला फारसं काही उरत नाही.

"तुम्हा लोकांना वाटतंय की आधी वेळ होता आणि मग वयाने तो नेला," ती म्हणाली. "माझ्याकडे कधी होता? लग्नानंतर दहा वर्षं मी सिनेमे कानाने पाहिले. हे हॉलमध्ये, मी ओट्यापाशी. एका सिनेमात हिरो मेला ते मला कुकरच्या तिसऱ्या शिट्टीनंतर बाहेर शांतता पसरली त्यावरून कळलं. थिएटरला गेलो तर ओंकार रडायचा. मग मी त्याला कडेवर घेऊन दाराशी. ते दाराचे जाड, धुळीचा वास येणारे पडदे असतात ना, तो एका हाताने बाजूला धरायचा आणि फटीतून बघायचं. डोअरकीपर म्हणायचा, बाई, एक काहीतरी करा, आत या नाहीतर बाहेर जा. मला एक सिनेमा तर असा आठवतो की त्यातलं डावीकडचं सगळं माहीत आहे, उजवीकडचं काहीच नाही."

आम्ही हसलो. मग हसू थोडं आखडतं घेतलं, कारण आमच्यापैकी प्रत्येकाच्या घरी तो सिनेमा पूर्ण पाहिलेला माणूस कोण होता, ते आम्हाला ठाऊक होतं.

"आता ओंकार हॉस्टेलवर आहे. तर मी काय केलं? २०१५ च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते. पहिली काही वर्षं ते शनिवार माळे आवरण्यात गेले. दोन वर्षांपूर्वी एके दिवशी घरात सांगून टाकलं, हे दोन शनिवार सकाळी मी नाही. सकाळचा पहिला शो, तिकीटही स्वस्त असतं. एकटी जाते. घराजवळ त्या वेळेला जो लागला असेल तो. फोन पर्समध्ये, पर्स पायाशी."

"जो लागला असेल तो?" पश्या अक्षरशः कळवळला. "वाईट निघाला तर?"

"निघतात की. निम्मे वाईटच निघतात. एकदा लहान मुलांचा निघाला, बोलणाऱ्या कुत्र्याचा. सबंध पाहिला. डावीकडून उजवीकडे."

मला वाटतं वाद इथेच संपला होता. पश्याने सिनेमा ठरवायचा प्रयत्न केला आणि त्याची वेळ गेली. वंदनाने वेळ ठरवली आणि सिनेमाला वाऱ्यावर सोडलं. महिन्याला दोन म्हणजे वर्षाला चोवीस, पश्याच्या पंचविसाला एकच कमी. पण तिने त्यातल्या एकासाठीही चाळीस मिनिटं रिमोट दाबलेला नाही. हे मी बोलूनही दाखवलं. घरात रिमोट असला की सिनेमाला दर दहा मिनिटांनी आपली परवानगी मागावी लागते, आणि आपण या वयात फार लवकर 'नको' म्हणतो, वगैरे. बरं जमलं होतं. पण अप्पांनी माझ्या भाषणाला टाचणी लावली.

"रिमोटला शिव्या देऊ नकोस. मला त्याने फार सुख दिलंय."

अप्पा एकाहत्तरचे. आयुष्य पीएमटीत, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेत गेलं. ते नवीन सिनेमे बघतच नाहीत. कोण कुणाचा कोण हे लक्षात ठेवायचा कंटाळा येतो म्हणतात. जुनेच बघतात, सत्तरच्या आसपासचे, आणि तेही गोष्टीसाठी नाही. "हिरो हिरॉइन रस्त्यावरून गात चालले असतात ना, त्यांच्या मागे बघायचं. बस येते. मी थांबवतो. डबलडेकर आहे का, पाटीवर नंबर काय, मागच्या दांड्याला किती जण लोंबकळलेत, कंडक्टर दिसतोय का. परवा एका गाण्यात पंधरा मिनिटं गेली. थिएटरात मला कुणी थांबवू दिलं असतं? तेव्हा ती बस अशी सर्रकन जायची, आणि आम्ही येडे हिरॉइनकडे बघत बसायचो."

"म्हणजे अप्पा, तुम्हाला पाचशेचं काही टेन्शन नाही," चिन्या म्हणाला.

"मला चार-पाच पुरतात. सावकाश बघतो. तू दीडपट बघ, मी पाऊणपट."

मास्तरांनी लगेच दोघांची सरासरी काढायला घेतली, पण कुणी लक्ष दिलं नाही. उन्हं पायऱ्यांवर आली होती. पश्याने पैसे दिले, कारण हिशेब त्याने काढला होता.

निघता निघता वंदना म्हणाली, "येत्या शनिवारी दुसरा शनिवार आहे. साडेनऊचा शो. ज्यांना यायचंय त्यांनी या. मी कुणासाठी थांबणार नाही."

मास्तरांचं शनिवारी कॉलेज. चिन्या म्हणाला साडेनऊ म्हणजे त्याची मध्यरात्र. मी हो म्हटलं.

"सिनेमा कुठला?" पश्याने फोन बाहेर काढत विचारलं.

"माहीत नाही."

"थांब, काय लागलंय बघतो. एक मिनिट. रेटिंग तरी..."

वंदनाने तोवर स्कूटरला किक मारली होती. अप्पा शेवटच्या पायरीवरून उतरायला माझा खांदा धरून उभे होते. तिला ऐकू जावं म्हणून त्यांनी जरा मोठ्याने विचारलं, "कडेची सीट मिळेल ना गं? मला दोनदा उठावं लागतं."