जेसन इझबेलचे रिमिक्स अल्बम आणि आम्ही हट्टी श्रोते

रिमिक्स हा शब्द आपल्याकडे बदनाम आहे. दोन हजार सालाच्या आगेमागे जुन्या हिंदी गाण्यांना ठेका चिकटवून जे काही बाजारात आले, त्यामुळे तो शब्द कानावर पडताच माझ्या पिढीच्या कपाळावर आठी उमटते. त्यामुळे जेसन इझबेल या अमेरिकन गायक-गीतकाराचे दोन जुने अल्बम रिमिक्स होऊन पुन्हा येत आहेत असे २०१९ मध्ये वाचले, तेव्हा ‘आता हेही नासवले’ हाच विचार माझ्या मनात प्रथम आला. तो चुकीचा होता. का चुकीचा होता, हे एकदा नीट लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

मी अलाबामातल्या हंट्सव्हिलमध्ये राहते. इझबेलचा जन्म १९७९ मध्ये याच राज्यातल्या ग्रीन हिल या खेड्याजवळ झाला. त्याचा परिसर म्हणजे मसल शोल्स, जिथल्या फेम स्टुडिओत १९६७ मध्ये गायिका अरेथा फ्रँकलिन येऊन गेली आणि जिथल्या वादकांचे नाव पुढे जगभर झाले. आमच्या घरापासून हे सारे गाडीने दीड तासाच्या आत आहे. २००१ मध्ये, ऐन बाविशीत, तो ड्राइव्ह-बाय ट्रकर्स या बँडमध्ये दाखल झाला आणि २००७ मध्ये तिथून बाहेर पडला. त्या काळात तो किती पीत असे, हे त्याने स्वतःच पुढे अनेकदा मोकळेपणाने सांगितले आहे. २०१२ मध्ये त्याने व्यसनमुक्ती केंद्रात उपचार घेतले आणि २०१३ मध्ये ‘साउथईस्टर्न’ हा अल्बम आला. कंट्री, फोक, ब्लूज आणि रॉक यांच्या सीमेवरच्या या संगीताला अमेरिकाना म्हणतात आणि त्यासाठी असलेला ग्रॅमी त्याला २०१६, २०१८ आणि २०२४ असा तीनदा मिळाला आहे. माझ्या मते मात्र या माणसाचे मोठेपण कळण्यासाठी पुरस्कारांची यादी वाचण्यापेक्षा त्याच्या श्रोत्यांमध्ये एकदा जाऊन बसावे.

नॅशव्हिलचे रायमन सभागृह १८९२ मध्ये मुळात प्रार्थनेसाठी बांधले गेले. खुर्च्यांऐवजी लाकडी बाके तिथे अजूनही आहेत. अनेक वर्षे ऑक्टोबरच्या सुमारास इझबेल तिथे ओळीने अनेक रात्री गात आला आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ‘कव्हर मी अप’ सुरू झाले आणि सभागृह इतके शांत झाले, की शेजारच्या बाकावरचा कुरकुराट ऐकू यावा. मग ती ओळ आली, ज्यात गाणारा सांगतो की आपण दारू सोडली आणि या वेळी ती कायमची सोडली. त्या ओळीवर हजारो माणसे ओरडली. तान नव्हती, समेवर येणे नव्हते, आवाजाची कसलीही कसरत नव्हती. लोकांनी दाद दिली होती ती एका साध्या विधानाला. माझ्यापुढे बसलेल्या एका धिप्पाड गृहस्थाने डोळे पुसले आणि पत्नीचा हात धरला. मी भावगीतांवर वाढलेली बाई आहे, शब्दांसाठी गाणे ऐकण्याची सवय मला घरातूनच लागलेली आहे. तरी एका वाक्याला असा कडकडाट मी आपल्या कुठल्याही मैफलीत ऐकला नव्हता.

ही भक्ती आंधळी नाही, कारण शब्द ती पेलू शकतात. ‘एलिफंट’ हे गाणे घ्या. कर्करोगाने मरणाऱ्या मैत्रिणीसोबत बारमध्ये बसणारा एक माणूस त्यात बोलतो. सर्वांना दिसत असूनही ज्याचे नाव कोणी काढत नाही, अशा गोष्टीला इंग्रजीत खोलीतला हत्ती म्हणतात. हे दोघे त्या हत्तीकडे न पाहण्याचा निश्चय करून विनोद करतात, पितात आणि जुनी गाणी म्हणतात. शेवटाकडे तो एवढेच सांगतो, की सन्मानाने मरण कोणालाच येत नाही. सांत्वनाचा एक शब्दही न देणारे हे गाणे ज्यांच्या घरात असे आजारपण येऊन गेले आहे त्यांनाच अधिक जवळचे वाटते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

शब्दांवर अशी श्रद्धा असणाऱ्या श्रोत्यांना रिमिक्सची भीती वाटणे स्वाभाविक होते. पण इथे रिमिक्सचा अर्थ वेगळा आहे. स्टुडिओत गायकाचा आवाज, ड्रम, बास, गिटार, कीबोर्ड हे सारे वेगवेगळ्या ट्रॅकवर नोंदवले जाते. कोणता ट्रॅक किती पुढे असावा, कोणता डावीकडून आणि कोणता उजवीकडून यावा, आवाजाभोवती किती घुमारा असावा, हे ठरवून सर्वांचे दोन वाहिन्यांत एकत्रीकरण करणे म्हणजे मिक्सिंग. त्या तयार मिश्रणावर शेवटचा हात फिरवणे म्हणजे मास्टरिंग. नुसत्या रिमास्टरिंगमध्ये बुडालेला आवाज फारसा वर काढता येत नाही. जशी कालवलेल्या भातातून आमटी वेगळी होत नाही. रिमिक्समध्ये मात्र पुन्हा मूळ ट्रॅकपर्यंत जाता येते. इझबेलचा ‘सायरन्स ऑफ द डिच’ हा पहिला एकल अल्बम २०१८ मध्ये रिमास्टर होऊन आणि न ऐकलेली चार गाणी घेऊन आला. पुढच्या वर्षी २००९ चा ‘जेसन इझबेल अँड द ४०० युनिट’ आणि २०११ चा ‘हिअर वी रेस्ट’ हे दोन अल्बम थेट रिमिक्स झाले. ते काम डेव्ह कॉबने केले, म्हणजे ज्याने ‘साउथईस्टर्न’ची निर्मिती केली त्यानेच. नव्याने काही गायले गेले नाही, काही वाजवले गेले नाही.

‘हिअर वी रेस्ट’ हे नाव म्हणजे १९३९ पर्यंत चालत आलेले अलाबामाचे जुने ब्रीदवाक्य. आता ते इथे राहणाऱ्यांनाही फारसे आठवत नाही. त्यातले ‘अलाबामा पाइन्स’ मी दोन्ही रूपांत लागोपाठ ऐकले. माझ्या कानांना जाणवला तो फरक असा: जुन्या मिश्रणात आवाज वाद्यांच्या गर्दीत उभा आहे, नव्यात तो गर्दीतून दोन पावले पुढे आला आहे. २००९ च्या अल्बममध्ये हा फरक आणखी मोठा वाटतो. ‘सेव्हन-माइल आयलंड’मधले काही शब्द मी दहा वर्षे चुकीचे गुणगुणत होते, हे मला रिमिक्सने दाखवून दिले. ज्या गायकाकडे आपण शब्दांसाठी जातो, त्याचे शब्दच जर दहा वर्षे अर्धवट ऐकू येत असतील, तर ते स्वच्छ करण्याला विरोध करण्यासारखे काय आहे?

विरोध तरीही झाला, आणि माझ्या ओळखीतल्या जुन्या श्रोत्यांचा युक्तिवाद मला मुळीच पटला नाही. त्यांच्या मते त्या जुन्या ध्वनीतला गढूळपणा म्हणजे इझबेलच्या पिण्याच्या दिवसांची खूण आहे आणि ती पुसणे म्हणजे इतिहास पुसणे. हे मला भंपक वाटते. गढूळपणा हा मिक्सिंगच्या वेळी घेतलेल्या निर्णयांचा परिणाम असतो; त्याला व्यसनाचे सौंदर्य चिकटवणे म्हणजे ज्या माणसाने जिवावर उदार होऊन व्यसन सोडले, त्याच्याकडे पुन्हा तेच मागणे होय. कलावंताने दुःखात राहावे म्हणजे आपल्याला चांगली गाणी मिळतील, ही श्रोत्यांची हाव मला नेहमीच निर्दय वाटत आली आहे.

मात्र माझीही एक सीमा आहे. ट्रकर्सचा २००४ चा ‘द डर्टी साउथ’ हा अल्बम २०२३ मध्ये पूर्ण स्वरूपात पुन्हा निघाला. त्यात वगळलेली गाणी परत आली, काही गाणी रिमिक्स झाली, आणि बँडमधला दुसरा गायक पॅटरसन हूड याने काही ठिकाणी स्वतःचे गायन नव्याने नोंदवले. वगळलेली गाणी परत आल्याचा मला आनंदच झाला. पण जवळपास वीस वर्षांनी मोठ्या झालेल्या गळ्याने त्या तरुण गळ्याची जागा घेणे ही सफाई नव्हे, ते दुसरे गायन आहे. ते कदाचित अधिक चांगलेही असेल. माझा आक्षेप दर्जाला नाही. जुन्या आवाजावरची धूळ झटकणे आणि जुन्या आवाजाऐवजी नवा आवाज बसवणे, या दोहोंना एकाच पुठ्ठ्यावर एकाच नावाने विकू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

आणि मग २०२३ च्या अखेरीस जे घडले त्यापुढे हा सारा वाद मला किरकोळ वाटू लागला. इझबेल आणि त्याची पत्नी, गायिका अमांडा शायर्स, विभक्त झाले. ‘कव्हर मी अप’ तिच्यासाठी लिहिलेले होते. ते लावून कितीतरी जोडप्यांनी आपल्या लग्नात नृत्य केले आहे. २०२५ मध्ये त्याने ‘फॉक्सेस इन द स्नो’ हा अल्बम केवळ स्वतःचा आवाज आणि एक जुनी गिटार एवढ्यावरच केला. मिक्सिंगबद्दल भांडायला त्यात जागाच नाही. त्यातल्या ‘ग्रॅव्हलवीड’मध्ये तो आपल्या जुन्या प्रेमगीतांचे अर्थ आज बदलले आहेत, याबद्दल क्षमा मागतो. ती कोणाची मागतो आहे हे तो स्पष्ट करत नाही, पण मला ती आमची, श्रोत्यांचीही वाटली. माझी एक मैत्रीण तेव्हापासून ‘कव्हर मी अप’ ऐकू शकत नाही. मला तिचे म्हणणे समजते, तरी मी ऐकते.

तो ते गाणे अजूनही गातो. प्रेमाच्या ओळी येतात तेव्हा आता मला थोडे अवघडल्यासारखे होते. मग दारू सोडल्याची ओळ येते, लोक पूर्वीसारखेच ओरडतात, आणि मीही ओरडते, कारण तेवढे वाक्य आजही जसेच्या तसे खरे आहे.