बॅक इन अ जिफी

इंग्रजीत ‘जिफी’ (म्हणजे अगदी थोडा वेळ) हा शब्द ज्याने पहिल्यांदा काढला, तो खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेला असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला असले शब्द सुचत नाहीत. तो बिचारा ‘अजून किती वेळ?’ एवढंच विचारतो, आणि तेही जरा दबूनच.

काम अगदीच फुटकळ होतं. एका फॉर्मवर एक शिक्का. कचेरी कुठली ते सांगत नाही, कारण मला तिथे पुन्हा जायचंय. काचेपलीकडच्या मॅडमनी फॉर्म घेतला, उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि फार गोड हसून ‘सर, बॅक इन अ जिफी हं’ असं म्हणत उठल्या. जाताना खिडकीत एक पाटी उभी करून गेल्या. पाटीवरही तेच: ‘बॅक इन अ जिफी’, आणि खाली एक पिवळा हसरा चेहरा. म्हणजे शब्द त्यांच्या तोंडून सहज निसटला नव्हता. तो कुणीतरी रीतसर टाइप केला होता, रंगीत छापून आणला होता आणि वर लॅमिनेटही करून घेतला होता. पाटीचे कोपरे वापरून वापरून पांढरे पडले होते. भिंतीवरच्या घड्याळात २.४० झाले होते.

‘काका, कुठला जिफी म्हणाल्या त्या?’

माझ्या मागे एक तरुण उभा होता. कानात पांढरे इअरबड, पाठीवर सॅक, आणि चेहऱ्यावर ज्याला कुठेच पोचायचं नाही अशा माणसाची शांतता. ‘काका’ मी गिळला. गेल्या काही वर्षांत बरेच गिळलेत.

‘कुठला म्हणजे? जिफी. आत्ता येते म्हणाल्या.’

‘नाही, तसं नसतं काका. कॉन्टेक्स्ट लागतो.’ त्याने एक इअरबड काढला. माणूस एकच इअरबड काढतो तेव्हा समजावं की तो बोलणार आहे, ऐकणार नाही. ‘लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम बघा, तिच्या कर्नलच्या, म्हणजे गाभ्याच्या आत जिफीज नावाचा एक काउंटरच असतो. टायमरची टिकटिक झाली की एकाने वाढतो. आता एक जिफी किती मोठा, हे तुम्ही एचझेड, म्हणजे सेकंदाला किती टिकटिक, किती ठेवलाय त्यावर. शंभर ठेवला तर दहा मिलिसेकंद. अडीचशे ठेवला तर चार. हजार ठेवला तर एक.’

‘आणि या मॅडमनी किती ठेवलाय?’

त्याने खिडकीकडे खरोखर विचार करत पाहिलं. ‘सांगता येणार नाही. क्लोज्ड सोर्स आहे, आतला कोड दिसत नाही.’

मला हसू आलं नाही, कारण तो विनोद करत नव्हता. मग त्याने मला वीज समजावली. इलेक्ट्रॉनिक्सवाले म्हणे विजेच्या प्रवाहाच्या एका आवर्तनाला जिफी म्हणायचे. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० आवर्तनं घेते, युरोपात ५०. म्हणजे तिकडे जिफी एक साठांश सेकंदाचा आणि इकडे एक पन्नासांश. ‘कमोडोर ६४ कॉम्प्युटरचं घड्याळ एक साठांशवर चालायचं, जिफी क्लॉक,’ हे त्याने अशा जिव्हाळ्याने सांगितलं की जणू ते यंत्र त्याच्या आजोबांच्या मांडीवर खेळलं होतं. मी मनात हिशोब करत होतो की मॅडम बहुधा युरोपियन पद्धत पाळत असाव्यात.

‘पण हे सगळे जिफी तर सेकंदापेक्षा लहान आहेत,’ मी म्हणालो. ‘इथे आता पाच मिनिटं झाली.’

‘तेच तर म्हणतोय. लुईसच्या जिफीने मोजलंत तर फार होतील.’

हा लुईस म्हणजे गिल्बर्ट न्यूटन लुईस. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ, मोठा माणूस; प्रकाशकणाला ‘फोटॉन’ हे नाव रूढ केलं ते त्याने, १९२६ साली. त्याने जिफीची व्याख्याच ठरवून टाकली होती: निर्वात पोकळीत एक सेंटिमीटर जायला प्रकाशाला लागतो तेवढा वेळ. सुमारे ३३ पिकोसेकंद. तरुणाने मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला. एका सेकंदात तीन हजार कोटी जिफी बसतात, हे त्याने मला स्क्रीन दाखवून पटवलं. मग पाच मिनिटांचे काढले. मग म्हणाला, ‘थांबा, एक मिनिट वाढलं,’ आणि पुन्हा काढले. आकडा स्क्रीनवर मावेना तेव्हा त्याने फोन आडवा केला.

लुईसबद्दल मात्र मला त्या रांगेत अचानक फार माया वाटली. या माणसाचं नाव नोबेलसाठी ४१ वेळा सुचवलं गेलं आणि पारितोषिक एकदाही मिळालं नाही. १९४६ साली तो गेला. जिफीची इतकी काटेकोर व्याख्या करणाऱ्याला आयुष्यभर खिडकीबाहेर उभं केलं त्यांनी! त्या समितीतही कुणीतरी गोड हसून उठून जात असणार.

भौतिकीवाल्यांचं तर एका सेंटिमीटरनेही भागलं नाही. काहींनी अंतर कमी करत करत प्रोटॉनच्या आकारापर्यंत आणलं आणि तेवढं ओलांडायला प्रकाशाला लागणारा वेळ म्हणजे जिफी असं धरलं. दशांशचिन्हानंतर तेवीस शून्यं काढायची आणि मग तीन लिहायचा, इतके सेकंद. हा आकडा तरुणाने तोंडाने शून्यं मोजत सांगितला. रांगेतल्या एका आजींना वाटलं, तो टोकन नंबर पुकारतोय. त्या पुढे यायला निघाल्या.

शब्दाच्या जन्माचं म्हणाल तर सगळा अंधारच आहे. १७८०च्या दशकात तो छापील इंग्रजीत दिसायला लागतो. कुठून आला हे कोशकारांना आजवर उलगडलेलं नाही. चोरांच्या बोलीत विजेच्या लखलखाटाला जिफी म्हणत, असं एक म्हणणं आहे. पुरावा पक्का नाही, पण मला ते त्या दिवशी अगदी मनापासून पटलं. उजेड पडतो, विझतो, आणि तेवढ्यात तुमची वस्तू गेलेली असते.

थापाड्यांचा बादशहा बॅरन मंचहाउसेन, त्याच्या गोष्टींतही हा शब्द येतो. स्वारी लवाजम्यासकट ‘सहा जिफींत’ थेट जिब्राल्टरच्या खडकापाशी पोचते. मला कौतुक वाटलं ते त्या सहाचं. तोफगोळ्यावर बसून उडणारा माणूस! एका जिफीत पोचलो म्हणाला असता तरी कुणी त्याचा हात धरला नसता. पण त्याने मोजले. सहा म्हणजे सहा. इतका हिशोब आमच्या पाटीवर नव्हता.

जुनी माणसं या बाबतीत जबाबदार होती. इंग्रजीतला ‘मोमेंट’ आज कुणीही कुणाच्याही तोंडावर फेकतो, पण आठव्या शतकात बीड नावाच्या इंग्लिश भिक्षूने (जिल्ह्याशी काही संबंध नाही) तासाचे चाळीस मोमेंट धरले होते. सरासरी दीड मिनिटाचा एक. ‘ट्राइस’ हा शब्द दोरी ओढण्याच्या क्रियापदावरून आला. एका हिसक्यात काम झालं की ट्राइस संपला. आपल्याकडे पळ म्हणजे २४ सेकंद. ‘पळभर थांबा’ म्हणणाऱ्याला पंचविसाव्या सेकंदाला जाब विचारता येतो. जिफीवाल्याला काय विचारणार?

तोवर मी काचेतून तिसऱ्यांदा की चौथ्यांदा वाकून आत पाहत होतो. आत एका टेबलावर माझा फॉर्म होता. त्यावर कुणीतरी स्टेपलर ठेवला होता, वाऱ्याने उडू नये म्हणून. तेवढी काळजी घेतली होती.

‘काका, तुम्ही बिझी-वेट करताय,’ मागून आवाज आला.

‘म्हणजे?’

‘म्हणजे प्रोसेस, चालू असलेला प्रोग्राम हो, दर सायकलला विचारत राहते, झालं का, झालं का. काम काहीच होत नाही, सीपीयू फुकट तापतो. चांगली प्रोसेस काय करते? स्लीपला जाते. इंटरप्ट, म्हणजे हाक आली की उठते. मी स्लीपला गेलोय.’

‘पण तुम्ही तर मघापासून बोलताय.’

‘ते बॅकग्राउंडला चालू असतं.’

यावर काय बोलणार. पण त्याने जाता जाता सांगितलेली एक गोष्ट अजून माझ्या डोक्यातून जात नाही. तो जिफीजचा काउंटर ३२ बिटांचा असला तर कधीतरी भरतो आणि पुन्हा शून्यावर येतो. एचझेड शंभर असेल तर सुमारे ४९७ दिवसांनी. त्या शून्यावर येण्याच्या क्षणी, ज्यांनी प्रोग्राम गाढवासारखा लिहिलाय त्यांचे प्रोग्राम गडबडतात. पण दीड वर्षाने फुटणारी चूक शोधणार कोण? म्हणून कर्नल लिहिणाऱ्यांनी काउंटरची सुरुवात मुद्दामच अशा आकड्यावर ठेवली की यंत्र चालू झाल्यावर पाच मिनिटांतच तो उलटावा. चूक असेल तर पाच मिनिटांत चव्हाट्यावर येते. कचेऱ्यांना ही सोय का नाही? दार उघडल्यावर पाच मिनिटांत कळावं की आज शिक्का कपाटात आहे, कपाटाची किल्ली साहेबांकडे आहे आणि साहेब रजेवर आहेत. आम्ही घरी जाऊ. भांडणारही नाही.

मॅडम आल्या. पाटी काढली, त्याच जागी पालथी ठेवली, तसंच गोड हसल्या आणि स्टेपलर उचलून फॉर्म माझ्यापुढे सरकवला. शिक्का नव्हता.

‘सर, तीनपर्यंतच स्वीकारतो. आता तीन वाजून दोन मिनिटं झालीत. सिस्टीम एंट्री घेत नाही.’

‘अहो, मी दोन चाळीसपासून इथेच उभा आहे. तुम्हीच म्हणालात ना जिफीत येते?’

‘हो, पण जिफी म्हणजे असं एक्झॅक्ट नसतं ना सर.’

आणि माझी दोन मिनिटं मात्र एक्झॅक्ट. इथे मला विनोद सुचेना, अजूनही सुचत नाही. आतल्यांच्या उशिराला लाडाचं नाव असतं, बाहेरच्याच्या उशिराला घड्याळ असतं. मी जर म्हणालो असतो, ‘मॅडम, मुदतीला जिफीभरच उशीर झालाय’, तर त्यांनी मला नियमाचा कागद दाखवला असता. तोही लॅमिनेट केलेला असतोच.

मी साक्षीदार म्हणून मागे वळलो. तरुणाने दोन्ही इअरबड घातले होते, डोळे मिटले होते. इंटरप्ट आलेला त्याला कळलाच नव्हता. मी खांद्याला हात लावला. त्याने डोळे उघडले, घड्याळ पाहिलं, मॅडमना पाहिलं.

‘टाइमआउट झाला का?’ त्याने विचारलं, आणि सॅक उचलून जिन्याकडे निघालासुद्धा.

फॉर्मवर सादर करायच्या दिवसाचीच तारीख लागते म्हणे, आणि खाडाखोड चालत नाही. त्यामुळे तो फॉर्म फुकट गेला. दुसऱ्या दिवशी नवा भरला, फोटोही नवा चिकटवला. त्यात मी जरा जास्तच काका दिसतो.